विश्लेषण : फिरणारी तार, लाल सोने आणि घरगुती ‘चांदीचे पाणी’… मायकेल फॅरेडे यांचे आयुष्य आज काय सांगते?

काचेच्या बरणीत शुद्ध पाणी, त्यात सोडलेल्या चांदीच्या दोन तारा, तारांना जोडलेला एक अडॅप्टर आणि वरून खेळण्यातल्या मोटरला बांधलेली छोटी ढवळणी. ‘कोलॉइडल सिल्व्हर’ म्हणजे चांदीचे पाणी घरच्या घरी तयार करणारी अशी यंत्रे समाजमाध्यमांवरील चित्रफितींत सहज सापडतात. सोबत दावा असतो, की हे पाणी सर्दीपासून कर्करोगापर्यंत सगळ्यावर चालते. दावा क्षणभर बाजूला ठेवून फक्त यंत्राकडे पाहिले, तर एक वेगळीच गोष्ट दिसते. त्यातली मोटर, भिंतीतून येणारी वीज, किती चांदी पाण्यात उतरेल याचा हिशेब आणि पाण्यात तरंगणारे धातूचे अतिसूक्ष्म कण, या चारही गोष्टींचा माग मायकेल फॅरेडे या एकाच माणसापर्यंत जातो. औपचारिक शिक्षण जेमतेम असलेल्या या लोहाराच्या मुलाने हे कसे साधले आणि त्याच्याच शोधांच्या आधारे आजचा दावा तपासला तर काय हाती लागते?

फॅरेडे यांची सुरुवात कुठून झाली?

मायकेल फॅरेडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळच्या न्यूइंग्टन बट्स येथे झाला. वडील जेम्स लोहारकाम करत, पण प्रकृती साथ देत नसल्याने काम नियमित नसे. १८०१ मध्ये धान्याचे भाव चढले, तेव्हा लहानग्या मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येई आणि तोच पुरवून खावा लागे. शाळेत लिहिणे, वाचणे आणि साधे गणित एवढेच पदरी पडले. उच्च गणित त्यांना आयुष्यभर आले नाही.

तेराव्या वर्षी ते जॉर्ज रिबो यांच्या पुस्तकाच्या दुकानात पोऱ्या म्हणून लागले. सुरुवातीचे काम वर्तमानपत्रे पोहोचवण्याचे. त्या काळी वर्तमानपत्र भाड्याने दिले जाई. एका घरी वाचून झाले, की तेथून आणून दुसऱ्या घरी द्यायचे. वर्षभरात, १८०५ मध्ये, रिबो यांनी या मुलाला पुस्तकबांधणीच्या कामात उमेदवार म्हणून घेतले आणि त्यासाठी शुल्कही आकारले नाही. उमेदवारी सात वर्षांची होती.

पुढे काय घडले, ते या दुकानामुळेच. बांधणीसाठी आलेली पुस्तके हा मुलगा वाचून काढू लागला. ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’मधला विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट यांचे रसायनशास्त्रावरचे संवादरूप पुस्तक यांनी त्यांना विज्ञानाची गोडी लावली. मात्र वाचलेले खरे आहे का, हे ते स्वतः करून पाहत.

पहिले घरगुती यंत्र कोणते?

१८१२ च्या उन्हाळ्यात फॅरेडे यांनी घरीच विजेची बॅटरी तयार केली. साहित्य अगदी साधे होते. अर्ध्या पेनीची सात तांब्याची नाणी, त्याच आकाराच्या जस्ताच्या सात चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागदाचे तुकडे. ही चळत रचून तिच्या तारा त्यांनी मॅग्नेशियम सल्फेटच्या, म्हणजे एप्सम सॉल्टच्या द्रावणात सोडल्या आणि विजेने त्या क्षाराचे विघटन होताना पाहिले. आज शाळेत याला विद्युत अपघटन म्हणतात. चांदीच्या दोन तारा पाण्यात सोडून वीज जोडणारा आजचा हौशी माणूस तत्त्वतः हेच करत असतो.

त्याच वर्षी दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्यांना रॉयल इन्स्टिट्यूशनमधील हम्फ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. डेव्ही हे तेव्हाचे सर्वात गाजलेले रसायनशास्त्रज्ञ. फॅरेडे यांनी व्याख्यानांची टिपणे काढली, आकृत्यांसह ती नीट लिहिली, स्वतःच्या हाताने बांधली आणि ते पुस्तक डेव्ही यांना पाठवून दिले. लगेच काम मिळाले नाही. काही आठवड्यांनी तिथल्या एका सहायकाला भांडण केल्याबद्दल काढून टाकण्यात आले आणि १ मार्च १८१३ रोजी ती जागा फॅरेडे यांना मिळाली. राहायला त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या.

त्या वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये डेव्ही दाम्पत्यासोबत ते युरोपच्या दौऱ्यावर गेले. नेपोलियनची युद्धे सुरू होती. डेव्ही यांचा नोकर ऐनवेळी आला नाही, म्हणून ते कामही फॅरेडे यांच्याकडे आले आणि लेडी डेव्ही यांनी त्यांना नोकरासारखेच वागवले. त्यांनी परत फिरण्याचाही विचार केला. पण अँपिअर आणि व्होल्टा यांच्यासारखे शास्त्रज्ञ प्रत्यक्ष भेटत होते. ते थांबले आणि १८१५ च्या एप्रिलमध्ये लंडनला परतले.

पहिली मोटर कशी फिरली?

१८२० मध्ये डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड यांनी दाखवले, की तारेतून वीज वाहू लागली की जवळची होकायंत्राची सुई वळते. वीज आणि चुंबकत्व यांचा संबंध आहे, हे स्पष्ट झाले. पण सुई सरळ ओढली किंवा ढकलली न जाता आडवी का वळते, हे कोडे होते.

सप्टेंबर १८२१ मध्ये, लग्नाला तीन महिने झाले असताना, फॅरेडे यांनी एका भांड्यात पारा घेतला. मधोमध चुंबक उभा रोवला. वरून एक तार अशी लटकवली, की तिचे टोक पाऱ्यात बुडेल पण तार मोकळी हलू शकेल. तारेतून बॅटरीची वीज सोडली आणि ती चुंबकाभोवती गोल गोल फिरू लागली. वीज सुरू असेपर्यंत ती थांबत नव्हती. विजेपासून सतत फिरती गती मिळाल्याचा हा पहिला प्रयोग. पंखा, मिक्सर, पाण्याचा पंप आणि बरणीतल्या ढवळणीची मोटर या सगळ्यांचे मूळ या भांड्यात आहे. फॅरेडे यांनी या उपकरणाच्या लहानशा प्रतिकृती तयार करून युरोपातल्या शास्त्रज्ञांना पाठवल्या, म्हणजे ज्याला शंका असेल त्याने स्वतःच फिरवून पाहावे.

मग वाद कशावरून झाला?

याच विषयावर विल्यम वोलास्टन आणि डेव्ही यांची आधी चर्चा झाली होती. वोलास्टन तार स्वतःच्या अक्षाभोवती फिरवू पाहत होते आणि त्यांना यश आले नव्हते. फॅरेडे यांनी आपला शोध घाईने प्रसिद्ध केला, त्यात वोलास्टन यांचा उल्लेख नव्हता. कल्पना चोरल्याची कुजबुज सुरू झाली. जातिवंत विद्वानांच्या वर्तुळात नुकत्याच शिरलेल्या, कालपर्यंत पुस्तके बांधणाऱ्या तरुणासाठी हा आरोप घातक होता. दोन्ही प्रयोग वेगळे होते हे हळूहळू मान्य झाले. तरीही रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी त्यांचे नाव पुढे आले, तेव्हा सोसायटीचे अध्यक्ष असलेल्या डेव्ही यांनीच विरोध केला. जानेवारी १८२४ मध्ये मतदान झाले. विरोधात फक्त एक मत पडले.

भिंतीतल्या विजेशी त्यांचा संबंध काय?

विजेपासून चुंबकत्व मिळते, तर चुंबकापासून वीज का मिळू नये? या प्रश्नाने त्यांना दहा वर्षे सोडले नाही. २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्यांनी लोखंडी कड्याच्या दोन बाजूंना तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एका वेटोळ्यात बॅटरी जोडताक्षणी आणि काढताक्षणी दुसऱ्याला जोडलेली सुई हलली. वीज स्थिर वाहत असताना मात्र सुई स्वस्थ राहिली. म्हणजे चुंबकत्वात बदल होतो, तेव्हाच वीज निर्माण होते. हे विद्युतचुंबकीय प्रवर्तन. ट्रान्सफॉर्मर या कड्यातून आला. ऑक्टोबरमध्ये त्यांनी मोठ्या चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची चकती फिरवून सलग वीज मिळवली आणि तिथून जनित्र आले. कोयनेचा जलविद्युत प्रकल्प असो वा घरातला चार्जर, तत्त्व हेच आहे.

पाण्यात किती चांदी उतरते, हे कसे कळते?

१८३३-३४ मध्ये फॅरेडे पुन्हा आपल्या जुन्या आवडीकडे, विद्युत अपघटनाकडे वळले. त्यांनी सिद्ध केलेला नियम असा : द्रावणातून जितकी वीज जाते, तितक्याच प्रमाणात पदार्थ सुटतो किंवा साचतो. विल्यम व्हेवेल यांच्या मदतीने त्यांनी इलेक्ट्रोड, अॅनोड, कॅथोड, आयन हे शब्दही रूढ केले.

या नियमाने बरणीचा हिशेब मांडता येतो. एक कूलॉम वीज गेली, की धनाग्रावरून सुमारे १.१२ मिलिग्रॅम चांदी सुटते. हे नाते इतके पक्के आहे, की विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक अँपिअर म्हणजे किती वीज, हे चांदी किती साचते यावरूनच ठरवले जाई. आता समजा, बरणीतून एक मिलिअँपिअर वीज तासभर वाहिली. म्हणजे ३.६ कूलॉम. तिच्यामुळे सुमारे चार मिलिग्रॅम चांदी सुटेल. त्यातली थोडी दुसऱ्या तारेवर किंवा तळाशी काळ्या थराच्या रूपात साचेल, बाकी पाण्यात राहील. पाणी एक लिटर असेल, तर प्रमाण लिटरमागे जास्तीत जास्त चार मिलिग्रॅम.

भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात चांदीची मर्यादा लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे तासाभरात हे पाणी मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत जाऊ शकते. शिवाय अनेक घरगुती यंत्रांत मिलिअँपिअर मोजणारे मीटरच नसते. पाणी थोडे पिवळसर झाले की झाले, असा अंदाज बांधला जातो. ज्या नियमाने नेमका आकडा मिळतो, तोच वापरला जात नाही.

लाल सोन्याचा प्रयोग काय होता?

१८५६ साली फॅरेडे पासष्टीला पोहोचले होते. स्मरणशक्ती दगा देत होती. तरीही त्यांनी त्या वर्षाचा बराचसा काळ सोन्यासाठी दिला. धातूचा कण प्रकाशलहरीपेक्षाही लहान केला, तर प्रकाशाचे काय होते, हे त्यांना पाहायचे होते. सुरुवात सोन्याच्या वर्खापासून झाली. वर्ख इतका पातळ, की त्यातून आरपार येणारा प्रकाश हिरवा दिसे. वर्खावर प्रक्रिया करताना उरलेले पाणी फिकट लालसर असल्याचे त्यांच्या लक्षात आले. दुसऱ्या कोणी ते ओतून दिले असते.

मग त्यांनी सोन्याच्या क्षाराच्या अतिशय सौम्य द्रावणावर फॉस्फरसची क्रिया घडवून माणकासारखा लाल द्रव मुद्दाम तयार केला. तो दिसायला एकजीव होता. पण भिंगाने एकवटलेला प्रकाशझोत सोडल्यावर आत धूसर शंकू चमकला. याचा अर्थ, सोने विरघळलेले नव्हते, तर डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांच्या रूपात पाण्यात तरंगत होते. पुढे जॉन टिंडल यांनी या परिणामाचा सखोल अभ्यास केला आणि शाळेच्या पुस्तकात तो टिंडल परिणाम म्हणून आला. अशा मिश्रणासाठी कोलॉइड, मराठीत कलिल, हा शब्द मात्र थॉमस ग्रॅहम यांनी १८६१ मध्ये दिला.

५ फेब्रुवारी १८५७ रोजी फॅरेडे यांनी हे काम रॉयल सोसायटीसमोर मांडले. प्रकाशाबद्दल ज्या मोठ्या उत्तराची त्यांना आशा होती, ते मिळाले नाही. पण आज हा शोधनिबंध नॅनोतंत्रज्ञानाच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक मानला जातो. त्यांच्या काही कुप्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपलेल्या आहेत आणि त्यातला द्रव आजही रंगीत आहे. करोनाच्या घरगुती चाचणीत उमटणारी लालसर रेघही बहुतेक संचांत अशाच सोन्याच्या कणांची असते.

ढवळल्याने नेमके काय साधते?

चांदीच्या यंत्रातल्या मोटरबद्दल सर्वाधिक गैरसमज इथेच आहे. तारेतून सुटलेले चांदीचे आयन तारेजवळच दाटतात. तिथे कण मोठे होतात, गुठळ्या होतात, तारांमध्ये काळे धागे वाढतात. ढवळणी हे दाटलेले पाणी सतत दूर नेते, त्यामुळे कण तुलनेने लहान आणि सारखे राहतात. प्रयोगशाळेत ढवळण्याचे यंत्र याचसाठी वापरतात. इतपत दावा बरोबर आहे.

पण कण तरंगत राहतात ते ढवळल्यामुळे नव्हे. फॅरेडे यांनी लाल द्रवात चिमूटभर मीठ टाकले आणि तो निळा झाला. कण एकमेकांना चिकटून मोठे होत होते. कणांवर सारखाच विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ठेवतात आणि मिठाने हा भार झाकला जातो, हे स्पष्टीकरण पुढच्या पिढ्यांनी दिले. काचेचे भांडे अगदी स्वच्छ नसेल, तरी प्रयोग बिघडतो, हेही फॅरेडे यांनी नोंदवले होते. म्हणून नळाचे पाणी, नीट न धुतलेली बरणी किंवा ‘लवकर होते’ म्हणून टाकलेले मीठ यामुळे तयार होणारी वस्तू दर वेळी वेगळी असते. शिवाय घरगुती चांदीच्या पाण्यात कणांबरोबर चांदीचे सुटे आयनही भरपूर असतात. कितीही छान ढवळले, तरी आत काय आहे आणि किती आहे, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

दावे तपासायचे कसे?

फॅरेडे यांच्या हयातीतही असे दावे होते. १८५३ मध्ये लंडनमध्ये टेबल फिरवण्याचे वेड पसरले. लोक टेबलाभोवती बसून त्यावर हात ठेवत आणि टेबल सरकू लागे. कोणी याचे श्रेय आत्म्यांना देई, तर कोणी विजेला. फॅरेडे यांनी कोणालाही लबाड ठरवले नाही. त्यांनी दोन पातळ फळ्यांमध्ये काचेच्या कांड्या ठेवल्या आणि वरच्या फळीची हालचाल दाखवणारा हलका काटा बसवला. हात वरच्या फळीवर ठेवायचे. टेबल आपणहून सरकत असेल, तर खालची फळी आधी हलायला हवी होती. प्रत्यक्षात आधी हलली ती वरची फळी. म्हणजे माणसे नकळत हातानेच ढकलत होती. काटा त्यांना दिसेल असा ठेवला, की टेबल हलणेच थांबे.

दोन वर्षांनी टेम्स नदीच्या घाणीबद्दल तक्रार करतानाही त्यांनी नुसता वास आल्याचे सांगितले नाही. कागदाचे पांढरे तुकडे ओले करून ठिकठिकाणी पाण्यात सोडले आणि जेमतेम इंचभर खोलीवरच ते दिसेनासे होतात, हे वर्तमानपत्रातून कळवले.

मग चांदीचे पाणी प्यावे का?

चांदीचे आयन जिवाणूंना मारतात, हे खरे आहे. भाजलेल्या जखमांवर चांदीचे संयुग असलेले मलम डॉक्टर देतात. पण ते कातडीवर, ठरावीक प्रमाणात लावायचे औषध आहे. पोटात घेतलेल्या चांदीच्या पाण्याने कोणताही आजार बरा होतो, याचा विश्वासार्ह पुरावा नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्येच जाहीर केले, की अशी विनाचिठ्ठी विकली जाणारी उत्पादने सुरक्षित आणि परिणामकारक मानता येत नाहीत. करोनाकाळात हा उपाय म्हणून विकणाऱ्यांना तिथे नोटिसाही गेल्या.

धोका मात्र सिद्ध झालेला आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने दिवसाला किलोमागे ०.००५ मिलिग्रॅम ही संदर्भमर्यादा ठरवली आहे. ६० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ती ०.३ मिलिग्रॅम होते. वरच्या हिशेबातल्या पाण्याचा २०० मिलिलिटरचा एक पेला घेतला, तर पोटात ०.८ मिलिग्रॅमपर्यंत चांदी जाते. दीर्घकाळ घेतल्यास ती कातडीत साठते आणि उजेडाने काळवंडते, जशी जुन्या फोटोफिल्मवरची चांदी काळी पडे. त्वचा निळसर-राखाडी होते. या विकाराला आर्जिरिया म्हणतात आणि हा रंग सहसा जात नाही. काही प्रतिजैविके आणि थायरॉइडच्या गोळ्या शरीरात शोषल्या जाण्यातही चांदी अडथळा आणू शकते. घरात कोणी असे पाणी घेत असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगायला हवे. खरा आजार अंगावर काढला जाणे, हे नुकसान तर वेगळेच.

फॅरेडे यांची अखेर कशी झाली?

सोन्याच्या प्रयोगांनंतर फॅरेडे फार काळ काम करू शकले नाहीत. १८६०-६१ च्या नाताळात त्यांनी मुलांसाठी मेणबत्तीच्या रसायनशास्त्रावर दिलेली व्याख्याने पुस्तकरूपाने आजही वाचली जातात. नाताळातली ही व्याख्यानमाला त्यांच्याच काळात, १८२५ मध्ये सुरू झाली होती. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्यांनी नाकारले, ‘सर’ ही पदवीही घेतली नाही. १८५८ मध्ये राणी व्हिक्टोरियाने हॅम्प्टन कोर्ट येथे राहायला घर दिले. तिथेच २५ ऑगस्ट १८६७ रोजी, खुर्चीत बसलेले असताना, त्यांचे निधन झाले. लंडनच्या हायगेट दफनभूमीत त्यांची साधी कबर आहे.

त्यांच्या पाठीमागे प्रयोगांच्या हजारो क्रमांकित नोंदी राहिल्या. त्यात यश आहे आणि फसलेले प्रयोगही तितक्याच तपशिलाने आहेत. घरी मोटर, तारा आणि बरणी घेऊन प्रयोग करणाऱ्या मुलामुलींना अडवण्याचे कारण नाही. बटणाच्या सेलवर चालणारी ढवळणी बनवावी, मीटर लावावे, लेझर पॉइंटरचा झोत पाण्यातून नेऊन टिंडल परिणाम पाहावा, लेझर डोळ्यांवर येऊ न देता. आकडे वहीत लिहावेत. फक्त बरणीतले पाणी पिऊ नये.